पायवाटेचा सातबारा कोणाच्या नावे?

(पिंपळे सौदागर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘परिसराचा इतिहास आणि पदभ्रमण’ असा छापलेला आहे. सकाळच्या सत्रात आपण कंत्राटी कामगारांच्या प्रश्नाची चर्चा केली. चहानंतर महापालिकेच्या अंदाजपत्रकाची चिरफाड व्हायची आहे. या दोन जड विषयांच्या मध्ये, जेवणानंतर कोणाला डुलकी लागू नये म्हणून संयोजकांनी एक हलकाफुलका विषय योजला असावा, अशी प्रथम माझी समजूत झाली. त्या समजुतीतच मी तयारीला लागलो. परंतु महिन्यापूर्वी घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने माझा विचार बदलला. तो प्रसंग सांगून सुरुवात करतो.

आपण बसलो आहोत ते गाव मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधल्या भूभागात वसलेले आहे. सौदागर, गुरव आणि निलख अशी तीन पिंपळे येथे शेजारी शेजारी नांदत आली. आज येथे शेत औषधालाही उरलेले नाही. जवळच्या चौकाचे नाव मात्र शिवार चौक आहे आणि पलीकडच्या बसथांब्याला अजून जगताप डेअरी म्हणतात. जमीन जाते, नावे मागे राहतात. माझ्या दोन तरुण सहकाऱ्यांना मी म्हटले, चला, गावातून नदीवर जाणारी जुनी वाट कोठे होती ते पाहून येऊ. एका वृद्ध गृहस्थांनी खुणा सांगितल्या होत्या. त्यांच्या तरुणपणी नदीच्या उतारातून पलीकडे पिंपरीला पायी जाता येत असे आणि कारखान्याच्या पहिल्या पाळीचे लोक पहाटे त्याच वाटेने जात. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ सालचा. त्यानंतर या पट्ट्यात कारखान्यांची रांगच लागली. म्हणजे आज या भागाला ज्या उद्योगांचे वैभव म्हणतात, त्यांच्याकडे जाणारा पहिला रस्ता ही पायवाटच होती.

त्या खुणांवरून आम्ही गेलो तो एका गृहसंकुलाच्या फाटकापाशी थांबलो. पहारेकरी मराठवाड्यातला, विशी-बाविशीचा मुलगा. अत्यंत नम्रपणे त्याने वही पुढे केली. ‘काका, एन्ट्री करा. कुठल्या फ्लॅटला जायचंय?’

‘आम्हाला नदीवर जायचंय.’

त्याने क्षणभर वहीतले रकाने न्याहाळले आणि म्हणाला, ‘नदीचा फ्लॅट नंबर नाही, काका.’

आम्ही हसलो, तोही हसला. परत फिरताना मात्र ते हसू टिकले नाही. त्या मुलाचा काही दोष नव्हता. बारा तास उभा राहून तो ज्या फाटकाचे रक्षण करीत होता, त्या फाटकाआड त्याला स्वतःलाही काम संपल्यावर जाता आले नसते. फाटक लावणाऱ्यांनी कोणता कायदा मोडला असेही मी येथे म्हणत नाही. तेथील कागदपत्रे मी अजून पाहिलेली नाहीत. पण गाव आणि नदी यांच्यामधली वाट नाहीशी झाली आणि त्याबद्दल एकाही सभेत, एकाही निवेदनात अवाक्षर निघाले नाही, ही गोष्ट मला बोचली. वस्तीतल्या एका नळाचे पाणी तुटले तर आपण मोर्चा काढतो. वाट तुटली तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

याच सुमारास चाकणच्या एका मोटार कारखान्यातील तरुण अभियंता भेटला. राहायला येथेच आहे. कंपनीने त्याला काही महिने जर्मनीला पाठवले होते आणि तेथे तो एका खेड्यात राहात होता. तेथील यंत्रांविषयी तो दोन मिनिटे बोलला आणि वाटांविषयी तासभर. खेड्याच्या तोंडाशी, बस थांबते तेथे, लाकडी चौकटीत परिसराचा नकाशा लावलेला. झाडांच्या बुंध्यांवर रंगाने काढलेल्या खुणा. फाट्यावर पाटी, आणि बऱ्याच पाट्यांवर पुढचे गाव किती तासांवर आहे ते लिहिलेले. वाटेत जुनी गिरणी, बंद पडलेली खाण, महायुद्धात मेलेल्या गावकऱ्यांच्या नावांचा दगड, आणि प्रत्येकापाशी दोन ओळींची माहिती. ‘मी परका, काळा माणूस,’ तो म्हणाला, ‘पण रानातून चालताना मला कोणी विचारलं नाही की कोणाकडे जायचंय.’ परदेशातून आलेल्या माणसाचे तिकडच्या स्वच्छतेचे पुराण आपण पुष्कळ ऐकलेले असते, म्हणून मी जरा सावधपणे ऐकत होतो. हे वर्णन मात्र निराळे होते.

या वाटा तेथे आकाशातून पडलेल्या नाहीत. ब्लॅक फॉरेस्टमधील पदभ्रमण संघ १८६४ सालचा आहे. फोर्त्सहाइमपासून बाझेलपर्यंत जाणारी, लाल चौकटीच्या खुणेने ओळखली जाणारी त्यांची लांब वाट १९०० साली आखली गेली. ही कामे मुख्यतः सुखवस्तू मध्यमवर्गाने केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचा धागा दुसरा आहे. १८९५ साली व्हिएन्ना येथे ‘निसर्गमित्र’ या नावाची कामगारांची संघटना निघाली. संस्थापकांत गेओर्ग श्मीडल हा शिक्षक होता, अलोइस रोहराउअर हा विळे-कोयते घडवणारा लोहार होता आणि कार्ल रेनर हा विद्यार्थी होता, जो पुढे ऑस्ट्रियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्या काळी डोंगर म्हणजे सरदारांच्या शिकारीची राने आणि श्रीमंतांच्या गिर्यारोहण मंडळांची मिरास. या लोकांनी घोषणा दिली, ‘डोंगर मुक्त!’ आठ तासांच्या कामाची मागणी करणारा कामगार उरलेल्या वेळेत दारूच्या गुत्त्यात बसणार की उघड्यावर जाणार, हाही त्यांच्या लेखी चळवळीचाच प्रश्न होता. कामगारांनी वर्गणी काढून आणि स्वतः दगड वाहून डोंगरांत विश्रामगृहे बांधली. १९३३ साली नाझींनी जर्मनीतील ही संघटना बंद करून तिची घरे जप्त केली, यावरून तिची धास्ती कोणाला होती ते दिसते.

या निसर्गमित्रांची एक कल्पना मला फार मोलाची वाटते. तिला ते ‘सामाजिक पदभ्रमण’ म्हणत. डोंगरावर जायचे ते केवळ सूर्योदय पाहायला नव्हे. वाटेतल्या खेड्यात माणसे कशी राहतात, कोणती मजुरी करतात, जंगल कोणाच्या मालकीचे आहे, ओढ्यावरचे धरण कोणासाठी बांधले आहे, हे पाहात जायचे. आपल्याकडे ट्रेकिंग करणारे तरुण आता हजारोंनी आहेत. शनिवार-रविवार लोहगडाच्या वाटेवर मोटारींची रांग लागते. २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत लोहगडासह मराठ्यांचे बारा किल्ले गेल्यापासून तर विचारायलाच नको. त्यांना नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. घाम गाळून डोंगर चढणारा मुलगा वातानुकूलित बाजारात फिरणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. पण पायथ्याच्या गावात पाणी कोठून येते हे त्याने एकदा तरी विचारावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

मग आपण या परिसरात चालायला निघालो तर काय दिसेल? कासारवाडीला लोकल धरा आणि देहूरोडच्या पुढे बेगडेवाडीला उतरा. समोर घोराडेश्वराचा डोंगर आहे. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तेथे गर्दी होते. पण ती लेणी मुळात बौद्ध आहेत आणि पुस्तकांत शेलारवाडीची लेणी म्हणून त्यांची नोंद आहे. तेथे ब्राह्मी लिपीत एक दानलेख आहे. धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या कुटुंबिकाची पत्नी सियागुतनिका हिने, आपला मुलगा नंद याच्यासह, हे लेणे दान दिले, असा त्याचा आशय. उसभणकाला त्या लेखात ‘हलकिय’ म्हटले आहे. हल म्हणजे नांगर. मित्रहो, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका नांगऱ्याच्या बायकोने डोंगरात लेणे कोरवले आणि त्यावर आपले नाव घातले! नवऱ्याच्या नावाने दान दिलेले नाही, स्वतःच्या नावाने दिले आहे. या लेखापाशी मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा, आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात मला एकही शेतकरी स्त्री नावानिशी भेटलेली नाही, हे एकदम जाणवले. आणखी पुढे कार्ल्याला गेलात तर तेथे वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराने दर्शनी द्वाराचे काम केल्याचा लेख आहे, एका गांध्याचे दान आहे, यवनांची दाने आहेत. बोरघाटातून कोकणच्या बंदरांकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरची ही लेणी. तो मार्ग राजांनी राखला असेल. त्याच्या कडेला नावे मात्र सुतारांची आणि शेतकऱ्यांचीही कोरलेली आहेत.

चाकणच्या संग्रामदुर्गाविषयी मी फारसे बोलत नाही. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे तो भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला, हे येथे सर्वांना पाठ आहे. तेथे जाऊन उरलेले अवशेष पाहावेत आणि मग शाळेतल्या मुलांना घेऊन पुन्हा जावे.

देहूच्या परिसरात मात्र थांबले पाहिजे. भंडारा, भामचंद्र आणि घोराडा या तीन डोंगरांवर तुकोबा एकांतासाठी जात, असे परंपरा सांगते. पायी चालणे हाच ज्याचा धर्म आहे असा वारकरी संप्रदाय याच मातीतला. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पुण्याकडे जाते. त्या दिवशी या औद्योगिक पट्ट्यातला सर्वांत मोठा रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो, मोटारी बाजूला थांबतात. वर्षातला तेवढाच एक दिवस!

भामचंद्राच्या पायथ्याशी शिंदे गाव आहे. चाकणची औद्योगिक वसाहत तेथवर सरकत आली, आणि गावाच्या गायरानावर डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीचे संशोधन केंद्र उभे राहू लागले. भोपाळमध्ये १९८४ साली ज्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, ती कंपनी डाऊने २००१ साली विकत घेतलेली. ग्रामस्थांनी २००८ साली रस्ता अडवला, वारकरी त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि त्या वर्षीच्या जुलैत बांधकामाला आग लावण्यात आली. आग लावण्याचे समर्थन मी करणार नाही. या व्यासपीठावर तर नाहीच नाही. परंतु गायरानासारखी सामाईक जमीन ग्रामसभेला न विचारता हातची जाते तेव्हा माणसे कोठवर जातात, याचा विचार आपण केला पाहिजे. २०१० पर्यंत कंपनीने तेथून काढता पाय घेतला. भामचंद्रावर चढून खाली पाहिले म्हणजे एका बाजूला कारखान्यांचे निळे-पांढरे पत्रे आणि दुसऱ्या बाजूला भातखाचरे दिसतात. त्यावर जितका विचार तेथे बसून होतो, तितका चार पुस्तके वाचून होत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता आपल्या नळाची वाट. पिंपळे सौदागरच्या घराघरांत येणारे पाणी पवनेचे आहे. मावळातल्या धरणातून ते नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलतात. मला असे वाटते की येथील प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा रावेतपासून पवनानगरपर्यंत नदीच्या कडेने, जेथवर वाट मिळेल तेथवर, चालत जावे. दोन दिवस लागतील. तुंग, तिकोना आणि लोहगड यांच्या मध्ये अडवलेल्या त्या जलाशयात अनेक गावांची जमीन बुडाली आहे. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर वर येते आणि ते पाहायला, छायाचित्रे घ्यायला शहरातून माणसे येतात. मंदिर दरवर्षी वर येते. ज्यांची जमीन गेली त्यांच्यापैकी अनेकांचे पुनर्वसन मात्र दोन पिढ्यांत वर आले नाही.

आणि वाटेत बऊर लागेल. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. धरणाचे पाणी नदीतून न आणता बंद जलवाहिनीने थेट निगडीला आणण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. नदी कोरडी पडेल, उपशावर जगणारी आमची शेती मरेल, ही त्यांची भीती होती. पोलिसांच्या गोळीबारात एक स्त्री आणि दोन पुरुष असे तिघे मरण पावले. ज्या मार्गावर हे घडले त्यावर एरवी पायी चालणाऱ्याला मज्जाव आहे. शेतकऱ्याच्या शिवारातून रस्ता जातो आणि त्यावर शेतकऱ्याने पाऊल ठेवणे हा गुन्हा ठरतो! त्यानंतर बारा वर्षे योजनेला स्थगिती होती. २०२३ साली ती उठवण्यात आली.

येथे आपली अडचण होते, ती लपवण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर २०१९पासून या शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले. वस्तीतल्या बायका आपल्याकडे पाण्यासाठी येतात आणि आपण महापालिकेवर हंडा मोर्चा नेतो. त्या हंड्याचे दुसरे टोक बऊरला आहे. मी तुम्हाला या प्रश्नाचे तयार उत्तर देत नाही, कारण माझ्यापाशी ते नाही. गळती किती, टोलेजंग संकुलांचे तरणतलाव किती, सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना का देत नाही, हे प्रश्न आपण विचारतोच. पण दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांना कधी भेटलेलीच नाहीत. मावळचा शेतकरी आणि पिंपळे सौदागरचा भाडेकरू यांची गाठ घालून देणारी पदयात्रा आजवर आपण काढली नाही, ही आपली चूक आहे. गोव्याच्या सत्याग्रहाला १९५५ साली आपले लोक पायी गेले; १९८३ साली चंद्रशेखर कन्याकुमारीपासून दिल्लीपर्यंत चालत गेले. पवनेची लांबी त्या मानाने काहीच नाही.

एक इशाराही दिला पाहिजे. पायवाटेवर कोणता इतिहास सांगायचा, हा प्रश्न निरागस नाही. जर्मनीतील युवकांच्या ज्या भटकंती संघटना होत्या, त्या १९३३ नंतर बरखास्त झाल्या आणि त्यांची गाणी, शेकोट्या, पाठपिशव्या हिटलरच्या युवक दलाने उचलल्या. तेच डोंगर, त्याच वाटा. तेथे शिकवला जाणारा धडा मात्र द्वेषाचा. आपल्याकडे २०२४च्या जुलैत विशाळगडावरील अतिक्रमणाचे निमित्त करून पायथ्याच्या गजापुरात मुसलमानांच्या घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवरच ते घडले. म्हणून गड-किल्ले दुसऱ्यांवर सोपवून आपण फक्त अंदाजपत्रकावर बोलत बसणे परवडणारे नाही. शेलारवाडीची सियागुतनिका, कार्ल्याचा सामी सुतार आणि त्यांचे यवन शेजारी यांची गोष्ट तेथे जाऊन कोणी तरी सांगितली पाहिजे.

शेवटी कायद्याविषयी, कारण तुम्ही मला ‘मग करायचे काय’ असे विचारणार. इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरच्या बाजूच्या तरुण कामगारांनी किंडर स्काउट या जमीनदारांच्या माळावर जाणूनबुजून सामुदायिक प्रवेश केला. बेनी रॉथमन हा त्यांचा पुढारी. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली मजूर पक्षाच्या सरकारने कायदा करून सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करवले आणि त्यासाठी गावोगावच्या लोकांनी वाटा स्वतः चालून नोंदवल्या. बव्हेरियाच्या १९४६च्या राज्यघटनेत तर रानात आणि डोंगरकुरणांत हिंडण्याचा प्रत्येकाचा हक्कच नमूद आहे. ती घटना घडवण्यात पुढाकार विल्हेल्म ह्योग्नर या समाजवाद्याचा होता.

आपल्याकडे कायदा अगदीच रिकामा आहे असे समजू नका. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम २०. सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा या राज्य शासनाची मालमत्ता आहेत, त्यांवर कोणाचा खाजगी सातबारा नाही. कलम १४३ खाली शेतकऱ्याला बांधावरून रस्ता मागता येतो. कलम १६५ खाली वाजिब-उल-अर्ज नावाची नोंद ठेवायची असते. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यायेण्याचे, पाण्याचे, मासेमारीचे गावाचे वहिवाटीचे हक्क तीत लिहायचे. किती गावांत ती कोणी उघडून पाहिली असेल, देव जाणे. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत लक्षात ठेवा. आपल्या नदीच्या वाटेच्या बाबतीत ती केव्हाच उलटून गेली आहे, आणि शहरात आलेल्या गावाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे असते. तरीही जुना गावनकाशा शिल्लक आहे. भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर पैसे भरून त्याची नक्कल मिळते. त्यावर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट.

पिंपळे सौदागरच्या नकाशासाठी मी अर्ज केला आहे. तो हाती येईपर्यंत आपण एवढे करू. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता ज्यांना शक्य आहे त्यांनी शिवार चौकात जमावे. बरोबर वही, पाण्याची बाटली आणि एखादा म्हातारा गावकरी आणावा; शेवटची वस्तू सर्वांत आवश्यक. पवनेच्या बाजूने निघू, पिंपळे गुरववरून मुळेच्या काठाने पिंपळे निलखपर्यंत जाऊ. तेथील नागरिक २०२५ साली नदीकाठची झाडे वाचवण्यासाठी उभे राहिले होते. त्यांच्यापैकी काहीजण भेटतील अशी आशा आहे. जेथे भिंत लागेल तेथे भिंतीची जागा, आणि तिच्यापलीकडे पूर्वी काय होते ते लिहून घ्यायचे. वादावादी करायची नाही. पहारेकऱ्याने वही पुढे केली तर सही करायची आणि फ्लॅट नंबरच्या रकान्यात ‘नदी’ असे लिहायचे.